नव्या टॅबलेटच्या चिपच्या वावड्या आणि तुमचे पस्तीस हजार

प्रश्न थोडक्यात असा होता: "मी कोल्हापुरात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बजेट ३५ हजार. साधा आयपॅड घ्यायचाय, पण नवा येतोय म्हणतात. कुणी म्हणतं त्यात ए१८ चिप, कुणी म्हणतं ए१९. दोन महिने झाले, रोज वाचतोय आणि रोज मत बदलतंय. यातलं खरं काय धरायचं? थांबू की घेऊन टाकू?"

राजारामपुरीत माझं टॅबलेट-लॅपटॉप विक्रीचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. पहिला आयपॅड आला तेव्हापासून या धंद्यात आहे. विकतो त्यापेक्षा दुरुस्त जास्त करतो, त्यामुळे वस्तू नवी असताना कशी दिसते यापेक्षा पाच वर्षांनी तिचं काय होतं हे मला जास्त माहीत आहे. उत्तर त्याच बाजूने देतोय, हे आधीच सांगतो.

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. चिप, म्हणजे टॅबलेटचा प्रोसेसर, कोणती येणार, हा एक. त्या चिपनं तुमच्या कामात काय फरक पडणार, हा दुसरा. तिसरा तुम्ही विचारलेला नाही, पण काउंटरवर मी तो रोज ऐकतो: "आज घेतला आणि महिन्यात नवा आला, तर लोक हसतील का हो?" पहिल्याचं पक्कं उत्तर जाहीर होण्याच्या दिवसापर्यंत बाहेरच्या कुणाकडेच नसतं. दुसऱ्याचं उत्तर आजच देता येतं. गंमत म्हणजे दोन महिने सगळे पहिल्यावरच भांडतायत. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तशातली गत.

हा खेळ आयपॅडइतकाच जुना आहे. अ‍ॅपलने २००८ मध्ये पी. ए. सेमी नावाची चिप डिझाइन करणारी कंपनी विकत घेतली. तेव्हापासून येणाऱ्या टॅबलेटच्या पोटात काय असेल यावर तर्कांचा पूर आला होता. कुणी इंटेलचा अ‍ॅटम म्हणत होतं, कुणी नव्या पद्धतीची, ड्युअल कोरची (म्हणजे आत काम करणारे दोन भाग असलेली) एआरएम घडणीची चिप म्हणत होतं. २७ जानेवारी २०१० ला निघाली ए४. वेग १ गिगाहर्ट्झ. लोकांनी उघडून पाहिली तर आत कोर एकच, आणि सोबत रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी) फक्त २५६ एमबी. आधीच्या सगळ्या गदारोळात चिपचं नाव होतं, वेग होता, रॅमबद्दल फारसं कुणी बोलतच नव्हतं. आणि त्या टॅबलेटचा जीव पुढे गेला तो रॅमपायीच. ब्राउझरमध्ये तीन-चार पानं उघडली की मागची पानं परत लोड व्हायची. २०१२ चं आयओएस ६, म्हणजे कंपनीचं नवं सॉफ्टवेअर, त्याला मिळालंच नाही, तो ५.१.१ वर थांबला. मार्च २०११ चा आयपॅड २ मात्र दुप्पट रॅम आणि दोन कोर घेऊन आला आणि आयओएस ९ पर्यंत पोचला. दोघांच्या जन्मात जेमतेम वर्षाचं अंतर, आयुष्यात मात्र कितीतरी वर्षांचं. भारतात तर पहिला आयपॅड अधिकृतपणे आलाच जानेवारी २०११ च्या शेवटी. म्हणजे इथे ज्यांनी हौसेने घेतला, त्यांचा सव्वा महिन्यात जुना झाला.

माझ्या स्वतःच्या फजितीचा किस्साही सांगायला हवा, नाहीतर मी फार शहाणा आहे असं वाटेल. मार्च २०१२ मध्ये तिसरा आयपॅड आला. त्याच्याआधी सगळीकडे चर्चा होती क्वाड कोर ए६ ची. आली ए५एक्स: प्रोसेसरचे कोर दोनच, ग्राफिक्सचे चार. मला वाटलं, आता वर्षभर तरी नवीन काही येत नाही. उद्यमनगरातल्या एका पॅटर्न बनवणाऱ्या गृहस्थांना मी छातीठोकपणे सांगितलं, "घ्या निर्धास्त, वर्षभर हाच राजा." २३ ऑक्टोबरला चौथा आयपॅड जाहीर झाला, ए६एक्स चिप घेऊन. अवघे सात महिने! ते गृहस्थ पुढं कित्येक दिवस दुकानावरून जाताना मान पलीकडे वळवायचे. तेव्हापासून "आता नवा येणार नाही" हे वाक्य मी बोलत नाही, आणि "नवा येणारच, अमुक चिप घेऊनच येणार" हेही बोलत नाही.

आता अलीकडची उदाहरणं घेऊ, कारण तुमच्या प्रश्नाशी त्यांचं थेट नातं आहे. २०२१ च्या आयपॅड प्रोबद्दल कित्येक महिने ए१४एक्स हे नाव फिरत होतं, आला एम१. २०२४ च्या प्रोबद्दल शेवटच्या आठ-दहा दिवसांपर्यंत जवळजवळ सगळे एम३ म्हणत होते, ७ मे ला आला एम४. आणि तुम्ही ज्या साध्या आयपॅडकडे बघताय, त्याच्याबद्दल २०२५ च्या सुरुवातीला जाणकार मंडळी सांगत होती की त्यात ए१७ प्रो चिप असेल आणि अ‍ॅपल इंटेलिजन्स, म्हणजे कंपनीच्या एआयच्या सोयी, चालेल. मार्चमध्ये आला ए१६. अ‍ॅपल इंटेलिजन्स नाही. पहिल्या दोन वेळा अंदाजापेक्षा चांगलं निघालं, तिसऱ्या वेळी कमी. म्हणजे "अफवेत सांगतात त्यापेक्षा थोडं कमीच धरा" असा सोपा नियमही करता येत नाही.

चिपच्याच बाबतीत हे इतकं का चुकतं? मला जे दिसतं ते सांगतो. टॅबलेट बाजारात यायच्या आधी त्याची मापं फुटतात, कारण कव्हर आणि काच बनवणाऱ्यांना साचे आधी लागतात. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या होलसेल बाजारात एखाद्या न आलेल्या मॉडेलची कव्हरं आलेली मी पाहिली आहेत. कॅमेऱ्याचं भोक कुठे, बटण कोणत्या कडेला, हे त्या कव्हरावरून कळतं आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघतं. स्क्रीनचंही तसंच. स्क्रीन बनवणाऱ्या कंपन्यांच्या ऑर्डरी मोठ्या, त्यात माणसं पुष्कळ, कुणीतरी बोलतंच. चिपचं तसं नाही. नखाएवढी वस्तू, बोर्डवर डकवलेली, बाहेरून बघून कोणती ते ओळखू येत नाही. कव्हरवाल्याला, बॅटरीवाल्याला, काचवाल्याला तिच्याशी काही देणंघेणं नाही. त्यामुळे चिपबद्दल जे बाहेर येतं ते बहुतेक वेळा तर्क असतो: "गेल्या वेळी ते होतं, म्हणजे आता हे असणार." तर्कच चार ठिकाणी छापून आला की वाचणाऱ्याला ती बातमी वाटायला लागते. मग चौघे एकमेकांचा हवाला देतात आणि कंडी पिकते.

म्हणून मी बातमी बघतो तेव्हा एकच विचारतो: हे सांगणाऱ्याच्या हातात नेमकं काय होतं? प्रत्यक्ष वस्तू हातात असेल तर मानतो. २०२५ च्या सप्टेंबरअखेर एका रशियन यूट्यूबरने न आलेला आयपॅड प्रो खोक्यातून काढून दाखवला, त्यावर चाचणी चालवून आकडे दाखवले, चिप एम५. ऑक्टोबरच्या मध्याला तो जाहीर झाला तेव्हा सगळं जुळलं. दुसऱ्या पायरीवर मी सॉफ्टवेअरच्या पोटात सापडलेली नावं ठेवतो. कंपनीच्याच प्रोग्रॅममध्ये एखाद्या न आलेल्या यंत्राचा उल्लेख राहून जातो, तो सहसा खोटा नसतो. पण चाचणीच्या अवस्थेतलं यंत्र आणि विकायला येणारं यंत्र एकच असेल याची खात्री त्यातून मिळत नाही.

गीकबेंचच्या (यंत्राचा वेग मोजणाऱ्या चाचणीच्या) यादीत नाव दिसलं की पोरं नाचतात. ती यादी कुणीही आकडे चढवू शकेल अशी आहे, आणि यंत्राचं नाव बदलून खोटी नोंद टाकणं अवघड नाही. त्यात खऱ्या नोंदीही येतात, पण नुसत्या आकड्यावरून मी कुणाला थांबायला सांगणार नाही. आपल्याकडच्या बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) नोंदणीबद्दलही तेच. टॅबलेट भारतात विकायचा तर बीआयएसची नोंदणी लागते, त्यामुळे तिथे मॉडेल नंबर दिसला तर वस्तू येतेय एवढं कळतं. पण मॉडेल नंबरावरून आत कोणती चिप ते कळत नाही. "बीआयएसवर दिसला, ए१८ पक्का" असं कुणी लिहिलं असेल तर पहिला अर्धा भाग खरा असू शकतो, दुसरा त्याने घरी रांधलेला असतो.

इथे आणखी एक गाठ आहे, आणि ती तुम्हा मेकॅनिकलवाल्यांना लगेच कळेल. चिपचं नाव बरोबर निघालं तरी चिप तीच असेल असं नाही. २०२४ च्या आयपॅड मिनीत ए१७ प्रो आहे, पण आयफोन १५ प्रोमध्ये त्याच नावाच्या चिपला ग्राफिक्सचे ६ कोर होते, मिनीत ५. २०२१ च्या मिनीतली ए१५ आयफोन १३ मधल्या ए१५ पेक्षा कमी वेगावर चालवलेली होती, ३.२४ ऐवजी २.९३ गिगाहर्ट्झच्या आसपास. एम४ च्या आयपॅड प्रोमध्ये २५६ आणि ५१२ जीबीच्या मॉडेलना प्रोसेसरचे ९ कोर आणि ८ जीबी रॅम, १ टीबीपासून पुढे १० कोर आणि १६ जीबी. खोक्यावर सगळीकडे नाव एकच.

हे का होतं? आपल्या मार्केट यार्डातले गुळाचे सौदे बघा. एकाच शेतातला ऊस, एकच गुऱ्हाळ, काहीलही तीच, तरी प्रत्येक आदणाचा (एका वेळी काढलेल्या गुळाचा) रंग आणि कस सारखा उतरत नाही. कुठला रवा (गुळाची ढेप) पिवळाधमक, कुठला जरा काळपट. म्हणून काळपट कुणी टाकून देत नाही, त्याचा सौदा वेगळ्या भावाने होतो. चिपचंही तसंच. सिलिकॉनच्या एका चकतीवर शेकडो चिपा छापल्या जातात, त्यातल्या काहींचा एखादा कोर नीट निघत नाही, तो बंद करून ती चिप दुसऱ्या मालात वापरतात. उलटही घडतं. २०२० च्या प्रोमधली ए१२झेड ही २०१८ ची ए१२एक्सच होती, फक्त आधी बंद ठेवलेला ग्राफिक्सचा आठवा कोर चालू केलेला. नवं नाव, जुनाच माल. आणि कधी कधी कंपनीची स्वतःचीही गल्लत होते. एम२ वाल्या आयपॅड एअरच्या पानावर आधी ग्राफिक्सचे १० कोर लिहिले होते, पुढे गुपचूप ९ केले. जिथे विकणाऱ्याचंच पान चुकतं, तिथे अफवेतल्या कोरांची संख्या मोजत बसण्यात काय अर्थ?

इथवरचं सार एवढंच की वस्तू हातात असलेल्याचं ऐका, बाकीच्यांचं करमणूक म्हणून वाचा, आणि चिपचं नाव कळलं म्हणजे सगळं कळलं असं समजू नका.

आता तुमच्या ए१८ आणि ए१९ कडे येतो. साध्या आयपॅडचा इतिहास बघितला तर अ‍ॅपल त्यात दोन-तीन वर्षांपूर्वीची फोनची चिप घालते. २०१९ मध्ये ए१० होती, जी फोनमध्ये २०१६ ला आली. २०२० ला ए१२, २०२१ ला ए१३, २०२२ ला ए१४, म्हणजे दर वेळी दोन वर्षं मागे. २०२५ ला ए१६, ती २०२२ ची. या चालीने बघितलं तर झुकाव ए१८ कडे जातो, कारण ती २०२४ ची. ए१९ आली तर कंपनीने आपली जुनी रीत मोडली असं म्हणावं लागेल. माझी पैज ए१८ वर, पण एका मिसळीची, त्याहून जास्तीची नाही.

पण खरी गंमत पुढेच आहे. ए१८ की ए१९ हा वाद तुमच्यासाठी जवळजवळ फोल आहे. या दोन्ही चिपा ज्या फोनमध्ये आल्या त्यांत रॅम किमान ८ जीबी होती. आताच्या ए१६ आयपॅडमध्ये ६ जीबी आहे. अ‍ॅपल इंटेलिजन्स ज्या ज्या आयपॅडवर चालतं त्या सगळ्यांत किमान ८ जीबी आहे: ए१७ प्रोचा मिनी, एम१ आणि त्यापुढचे. भिंत आहे ती ए१६ आणि त्यापुढच्या चिपांच्या मध्ये. ए१८ आली काय नि ए१९ आली काय, तुम्ही त्या भिंतीच्या पलीकडेच जाता. म्हणजे तुम्हाला विचारायचा प्रश्न एवढाच उरतो: भिंतीपलीकडे असलेल्या गोष्टी मला हव्यात का?

त्या गोष्टी म्हणजे मजकुराचा सारांश करणं, लिहिलेलं सुधारून देणं, फोटोतली नको असलेली वस्तू पुसणं वगैरे. इंग्रजीत चालतं, मराठीत अजून नाही. यातली बरीचशी कामं तुम्ही आजही फोनवरच्या दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपवर फुकटात करत असाल. त्याच्यासाठी सेमिस्टर थांबायचं का, हे तुम्ही ठरवा. मला विचाराल तर मला त्या यादीपेक्षा जास्तीच्या दोन जीबी रॅमची किंमत मोठी वाटते, कारण पहिल्या आयपॅडचं काय झालं ते मी काउंटरवर बघितलंय. पाच-सहा वर्षं तोच टॅबलेट वापरायचा असेल तर ८ जीबीवाला जास्त निवांत म्हातारा होईल. तीन वर्षांत डिग्री संपवून विकून टाकायचा असेल, तर ६ जीबीनं तुमचं काही अडणार नाही.

तुमच्या अभ्यासाचं बघू. एका हाताने नोट्स लिहिणार, बाजूला पीडीएफ उघडणार, लेक्चरचे व्हिडिओ बघणार. याला ए१६ पुरून उरते. पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला सॉलिडवर्क्स लागेल, आणि ते आयपॅडवर चालत नाही. ए१८ आली, ए१९ आली, एम५ घातली तरी चालणार नाही, कारण ते विंडोजचं सॉफ्टवेअर आहे. ऑटोकॅडचं मोबाइल अ‍ॅप मिळतं, ड्रॉइंग उघडून बघायला आणि किरकोळ दुरुस्तीला ते बरं, सबमिशनचं काम त्यावर होत नाही. घरात लॅपटॉप असेल तर आयपॅड जोडीला छान. नसेल तर हे ३५ हजार लॅपटॉपकडे वळवा, भले तो कमी देखणा असो. दर वर्षी जून-जुलैत दोन-तीन मुलं तरी येतात, आयपॅड घेतलाय आणि आता कॉलेजात सॉलिडवर्क्स सुरू झालं म्हणून. तेव्हा माझ्याकडेही उत्तर नसतं.

लिहायच्या पेन्सिलचंही आधीच बघून घ्या. ए१६ आयपॅडला यूएसबी-सीवाली पेन्सिल चालते, पण तिला दाबाची जाणीव नसते. नोट्स आणि आकृत्यांना काही अडचण नाही, चित्रकलेला मात्र जाणवतं. पेन्सिल प्रो याला चालतच नाही. ए१६ आयपॅडची किंमत २०२५ मध्ये तो आला तेव्हा ३४,९०० पासून होती, म्हणजे पेन्सिल धरून तुमचं बजेट आधीच ओलांडलं जातं. हे आत्ताच लक्षात घ्या, काउंटरवर आल्यावर नको.

तुमच्या प्रश्नाखाली एकाने "३५ हजारात अँड्रॉइड घे की, लई भारी प्रोसेसर मिळतोय" असं लिहिलंय. चूक नाही, पण तिथे चिपच्या नावाचा गोंधळ आणखी वाढतो. सॅमसंगचा टॅब एस६ लाइट घ्या. २०२० ला एक्झिनॉस ९६११, २०२२ ला तेच नाव ठेवून आत स्नॅपड्रॅगन, २०२४ ला परत एक्झिनॉस, १२८०. दुकानदार तिन्ही "एस६ लाइट" म्हणूनच दाखवणार. फरक मॉडेल नंबरात: पी६१०, पी६१३, पी६२०. स्वस्त टॅबलेटमध्ये तर मी चिपआधी स्टोरेज कुठल्या जातीचं आहे ते बघतो. ईएमएमसी (संथ, स्वस्त जातीचं) असेल तर दोन वर्षांत जागा भरत आली की टॅबलेट रांगायला लागतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, "प्रोसेसर गेला वाटतं." प्रोसेसर जागेवरच असतो, स्टोरेज दमलेलं असतं. काही चिपा ईएमएमसीशिवाय दुसरं काही घेतच नाहीत, हेलिओ जी८५ त्यातली. हेलिओ जी९९ ला यूएफएस (वेगवान जातीचं स्टोरेज) चालतं, पण चालतं म्हणजे कंपनीनं घातलंय असं नव्हे. यूएफएस लिहिलेलं दाखवा म्हणायचं, नाही दाखवलं तर ईएमएमसी समजायचं.

जाता जाता दुरुस्तीच्या टेबलावरची एक गोष्ट. इतक्या वर्षांत माझ्याकडे टॅबलेट येतात ते चार्जिंगची जागा खिळखिळी झाली म्हणून, बॅटरी फुगली म्हणून, काच फुटली म्हणून, आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर आले ते घरात पाणी शिरलं म्हणून. प्रोसेसर जळालेला टॅबलेट आला असं फार क्वचित घडलंय, आणि आला तरी त्याचं मूळ पाण्यात किंवा भलत्याच चार्जरमध्ये असायचं. ज्याच्यावर लोक दोन महिने वाद घालतात, तो भाग यंत्रात सगळ्यात शेवटी दगा देतो.

मग थांबायचं का? हे तुमच्या तारखेवर आहे. परीक्षा किंवा नवं सेमिस्टर महिन्याभरात असेल, लॅपटॉप घरात आहे आणि कागदाच्या गठ्ठ्यांनी खरंच त्रास होतोय, तर घेऊन टाका. त्या महिन्यातल्या नोट्स नव्या चिपवर परत लिहिता येत नाहीत. सुट्टी लागणार असेल, काम अडलेलं नसेल, आणि पाच-सहा वर्षं वापरायचा विचार असेल, तर थांबण्यात शहाणपण आहे. पण मुदत घालून थांबा. कॅलेंडरवर एक तारीख ठरवा, त्या दिवसापर्यंत आला तर आला. नाहीतर आहे तो घ्यायचा. बिनमुदत थांबणारे मी बघितलेत. हुपरीचे एक डिझाइन काढणारे कारागीर तीन वर्षं "पुढचा येऊ दे" म्हणत होते, शेवटी पोराने वाढदिवसाला आणून दिला तेव्हा कामाला लागले.

थांबण्याचा आणखी एक फायदा लोक विसरतात. नवा आला की जुन्याचा साठा दुकानदारांना संपवायचा असतो. तेव्हा ए१६ वालाच दोन-तीन हजारांनी खाली मिळाला तर पेन्सिलचा खर्च तिथे भरून निघतो. किती खाली येईल ते दुकानात किती माल पडलाय यावर आहे, आणि सणासुदीच्या ऑनलाइन सेलमध्ये कधी कधी नवा यायच्या आधीच तेवढा फरक मिळून जातो. म्हणून थांबायचं ठरवलंत तर नव्या चिपच्या बातम्यांपेक्षा जुन्याच्या किमतीवर लक्ष ठेवा.

घ्यायला जाल तेव्हा एक गोष्ट नक्की करा, मग ते माझं दुकान असो की दुसऱ्या कुणाचं. २०२२ चा दहाव्या पिढीचा आयपॅड आणि २०२५ चा ए१६ वाला बाहेरून एकसारखे दिसतात. अंग तेच, रंग तेच. पण जुन्यात ए१४ चिप, ४ जीबी रॅम आणि सुरुवात ६४ जीबीपासून. नव्यात ए१६, ६ जीबी आणि १२८ जीबीपासून. गेल्याच महिन्यात एक मुलगी "नवा आयपॅड, भारी डिस्काउंटमध्ये मिळाला" म्हणून काच लावून घ्यायला आली होती. सेटिंग्जमध्ये जाऊन बघितलं तर दहाव्या पिढीचा. पैसे मात्र तिने जवळजवळ नव्याचेच मोजले होते. तेव्हा खोक्याच्या मागचा बारीक अक्षरातला मॉडेल नंबर वाचा. वायफायवाला असेल तर ए३३५४ पाहिजे. ए२६९६ दिसला, तर दुकानदार कितीही गोड बोलू दे, खोकं तिथेच काउंटरवर ठेवा आणि बाहेर पडा.